साहेब एक, फोन चाळीस

'कारभार' या प्रश्नोत्तरांच्या सदराकडे या खेपेला आलेली बहुतेक पत्रं जळगाव, धुळे, नंदुरबार पट्ट्यातली आहेत आणि सगळ्यांचं दुखणंही सारखंच आहे. फोन आला, सॉफ्टवेअर आलं, ग्रूप झाले, पण धंदा चालतो जुन्याच रीतीने. मग रचना बदलायची म्हणजे नेमकं काय हलवायचं? सात पत्रांना उत्तरं देत आहोत. पत्रं लांब होती, त्यांतला गाभा ठेवला आहे.

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाइपचा कारखाना आहे. दोन लाइन, ६२ माणसं. मला दिवसाला शंभरावर फोन येतात. बेल्ट तुटला, गाडी उभी आहे, पार्टी उधार मागते, काहीही असो, खाली एकच उत्तर ठरलेलं : 'मालकले इचारा'. इंजिनिअर झालेला मुलगा म्हणतो, सुपरवायझर काढून टाका, सगळ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रूप करा, हल्लीच्या कंपन्या अशाच चालतात. करू का?
– एक कारखानदार, जळगाव

उत्तर : ग्रूप करू नका आणि सुपरवायझर तर एवढ्यात मुळीच काढू नका. आधी एक हिशेब मांडा. माणसांच्या संख्येला तिच्याहून एक कमी संख्येने गुणायचं आणि दोनने भागायचं, म्हणजे आपसात बोलू शकणाऱ्या जोड्या मिळतात. आठ जणांत २८ जोड्या होतात, वीस जणांत १९० आणि तुमच्या ६२ जणांत १,८९१. सॉफ्टवेअरच्या रखडलेल्या कामावर आणखी माणसं टाकली की ते आणखी रखडतं, हे कॉम्प्युटरतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये याच हिशेबाच्या आधारे सांगितलं होतं. सुपरवायझर नावाची चीज या जोड्यांची मोट बांधायलाच जन्माला आली. बोलणं आज फुकट झालं, ऐकणाऱ्याचा वेळ झालेला नाही. ६२ जणांच्या ग्रूपवर 'बेल्ट तुटला' हा निरोप सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जातो आणि टाकणारा मात्र 'मी कळवलं होतं' म्हणून मोकळा होतो.

मुलाच्या म्हणण्यात तथ्य नाही असंही नाही. सुपरवायझर दोन कामं करतो : खालची खबर वर नेतो आणि वरचा हुकूम खाली आणतो. खबर नेण्याचं काम आता यंत्र करू शकतं. पण त्यासाठी हुकूम कशाकशाला लागतो, हे आधी बघावं लागेल.

दोन आठवडे टेबलावर एक वही ठेवा. प्रत्येक फोनला चार रकाने : कोणी विचारलं, काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं, आणि ते सांगायला तुमच्याजवळ अशी कोणती माहिती होती जी त्याच्याजवळ नव्हती. खरी गोम चौथ्या रकान्यात आहे. चौदा दिवसांनी वही चाळलीत तर बरेचसे रकाने कोरे दिसतील. म्हणजे त्या माणसाला सगळं ठाऊक होतं, फक्त परवानगी नव्हती. अशा कामांना रुपयांत हद्द घालून द्या. उदाहरणार्थ, दुरुस्तीला एका कामामागे ५,००० पर्यंत शिफ्ट इन्चार्ज, २५,००० पर्यंत मेंटेनन्सचा मुख्य माणूस, आणि दोघांनाही आठवड्याची वेगळी कमाल रक्कम. आठवड्याची हद्द नसेल तर १२,००० चं बिल तीन तुकड्यांत येतं. काही फोन असे असतील की माहिती फक्त तुमच्या डोक्यात आहे : कोणाची उधारी किती तुंबली, कोणत्या पार्टीला कोणता भाव. ही यादी रोज सकाळी डिस्पॅचच्या माणसाला दिसू द्या, तो फोन आपोआप बंद होतो. उरलेले, म्हणजे नवं गिऱ्हाईक, नवी मशीन, भरती, हे तुमचेच. ते सोडू नका.

आता यंत्राजवळ जाऊ. समजा सहा मीटरचा पाइप ९ किलोचा हवा आणि तो ९ किलो २७० ग्रॅमचा निघतो आहे. म्हणजे तीन टक्के माल फुकट चालला. दिवसाला चार टन काढत असाल तर १२० किलो. आज हे कधी कळतं? संध्याकाळी सुपरवायझर रजिस्टर घेऊन ऑफिसात आला की. काटा लाइनच्या शेवटाला ठेवा, ऑपरेटरने दर तासाला एक पाइप तोलून फळ्यावर आकडा लिहावा, आणि कुठल्या आकड्याला काय करायचं ते त्याच फळ्याच्या बाजूला रंगवून ठेवा. भिंत सगळीकडून जाड असेल तर हॉल-ऑफचा, म्हणजे पाइप ओढून घेणाऱ्या यंत्राचा, वेग थोडा वाढवायचा. एकाच बाजूने जाड असेल तर डाय, म्हणजे पाइपला आकार देणारा साचा, मध्यावर आहे का ते बघायचं, वेग वाढवून उपयोग नाही, पातळ बाजू आणखी पातळ होऊन पाइप दाबाच्या चाचणीत फुटतो. सलग दोन तास आकडा बाहेर राहिला तर लाइन थांबवायचा अधिकार ऑपरेटरचा, विचारायचं नाही. खबर जिथे जन्मते तिथेच ती संपली. रचना बदलली म्हणायची ती इथे.

हे सगळं बहुधा मालकाकडूनच मोडतं. शिफ्ट इन्चार्जने ४,२०० चा बेल्ट आणला आणि तुम्ही चारचौघांत म्हणालात, 'हा ३,८०० ला मिळतो,' की दुसऱ्या दिवसापासून फोन पुन्हा सुरू. हद्दीतल्या खर्चाची चर्चा शनिवारी, बंद खोलीत, सगळी बिलं एकत्र ठेवून करायची. तीन महिन्यांनी हद्दी वाढवा किंवा घटवा. सुपरवायझर किती लागतात हे सहाव्या महिन्यात वहीच सांगेल. बहुतेक ठिकाणी माणूस तोच राहतो आणि त्याचं काम हुकूम आणण्याऐवजी शिकवण्याचं होतं.

प्रश्न : मी अमळनेरला एम.कॉम. करते. विप्रो इथे सुरू झाली हे घरी कायम ऐकलं. पण तेलाची कंपनी कॉम्प्युटरची कशी झाली, आणि संघटनेच्या रचनेच्या दृष्टीने त्यात शिकण्यासारखं काय?
– एक विद्यार्थिनी, अमळनेर

उत्तर : ऐकलंत ते खरं. २९ डिसेंबर १९४५ ला 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड' या नावाने कंपनी नोंदली गेली, कारखाना अमळनेरला. मुख्य माल वनस्पती तूप, जोडीला कपड्याचा साबण. १९६६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर अझीम प्रेमजींनी एकविसाव्या वर्षी कारभार हाती घेतला. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून गेली, बाजारात पोकळी झाली आणि १९८० च्या सुमारास ही कंपनी कॉम्प्युटरमध्ये उतरली. १९८२ मध्ये नाव नुसतं 'विप्रो लिमिटेड' झालं.

तुमच्या विषयाच्या दृष्टीने असं बघा. एकच माल असतो तेव्हा खरेदी, उत्पादन, विक्री, हिशेब अशी खाती पुरतात, कारण सगळ्यांच्या बोलण्याचा विषय एकच असतो. साबणाला हवेत वितरक आणि दुकानं, कॉम्प्युटरला हवेत इंजिनिअर आणि विक्रीनंतरची सेवा. एका विक्रीप्रमुखाच्या डोक्यात दोन्ही मावत नाही. ही अडचण अमेरिकेत रसायनांची कंपनी ड्यू पाँट आणि मोटारींची कंपनी जनरल मोटर्स यांना १९२० च्या दशकात आली होती, आणि त्यांनी मालागणिक वेगळे विभाग पाडले. प्रत्येक विभागाचा नफातोटा वेगळा, मुख्यालयाकडे फक्त भांडवलाचं वाटप आणि वरच्या नेमणुका. जनरल मोटर्समधली ही घडी तिचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी बसवली. विप्रोत विभागांची ही वाट पुढे २०१३ पर्यंत गेली : त्या वर्षी ग्राहकोपयोगी वस्तू आणि इतर बिगर-आयटी धंदे 'विप्रो एंटरप्रायझेस' या वेगळ्या कंपनीत गेले, म्हणजे दोन्ही धंद्यांना एका छपराचीही गरज उरली नाही.

परीक्षेत यापुढचा टप्पा 'जाळं' म्हणून येतो. त्याचं उदाहरण देताना लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली घ्या. १९९१ पासून कितीतरी कंपन्यांची माणसं त्या एकाच प्रणालीवर काम करतात आणि त्यांचा साहेब एक नाही. हे निभतं, कारण प्रत्येक बदलामागे कोणी केला, कधी केला, का केला हे नोंदलेलं असतं. २००५ पासून ती नोंद गिट या साधनात राहते. पण 'तिथे कोणीच कोणाच्या वर नाही' असं लिहू नका. कोणता बदल आत घ्यायचा हे ठरवणारे राखणदार असतात आणि त्यांचा शब्द अखेरचा असतो.

प्रश्न : रावेर तालुक्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, ४१२ सभासद, सगळे केळीवाले. एका खासगी कंपनीने ॲप आणलं आहे. म्हणतात, 'कटाई, पॅकिंग, वाहतूक, निर्यात आम्ही बघतो, तुम्ही फक्त शेतकरी जोडून द्या.' इकडे आमचे संचालक रोज ठरवतात कोणाची बाग आधी कापायची, त्यावरून भांडणं. सीईओ कंटाळला आहे. ॲपवाल्यांना देऊन टाकावं का?
– एक संचालक, रावेर

उत्तर : थोडं द्या, सगळं देऊ नका. काय द्यायचं याची कसोटी रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९३७ मध्येच घालून दिली, पुढे १९९१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कंपनी मुळात असतेच कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर साधं आहे : बाजारातून दर वेळी शोधणं, भाव ठरवणं, करार करणं, लक्ष ठेवणं याचा खर्च जिथे घरच्या कामापेक्षा जास्त, तेवढंच काम माणूस घरात ठेवतो. फोन आणि ॲपने शोधण्याचा खर्च पार खाली आणला. ट्रक, शीतगृह, खोके, रीफर (माल थंड ठेवणारे) कंटेनर आज भाड्याने सहज मिळतात, त्यासाठी भांडवल गाडू नका. पण कोणत्या बागेत कोणत्या आठवड्यात किती घड कापणीला येणार, ही माहिती बाजारात कुठेच मिळत नाही. ती तुमच्या ४१२ सभासदांच्या शेतात आहे. ती हातची गेली की कंपनीत शिक्क्याखेरीज काही उरत नाही.

ती गोळा करण्याची रीत स्वस्त आहे. निसवण झाली, म्हणजे खोडातून घड बाहेर पडला, की घडाला त्या आठवड्याच्या रंगाची फीत बांधायची. आठ रंग फिरते ठेवा. शेतात फिरणारी सहा पोरं नेमा, एकेकाकडे सत्तरेक सभासद येतात. त्याने दर आठवड्याला पाचच गोष्टी भरायच्या : सभासद क्रमांक, गट क्रमांक, लागवडीची तारीख, उभी खोडं, या आठवड्यात बांधलेल्या फिती. निसवणीपासून कापणीपर्यंत हंगामाप्रमाणे साधारण ९० ते १२० दिवस धरा. थंडीत ते लांबतं, म्हणून दोन हंगामांचे आकडे जमेपर्यंत अंदाज ढिला ठेवा. चाळीस फुटी रीफरमध्ये साधारण २० टन माल बसतो. घड सरासरी २२ किलोचा आणि दांडा-छाटणीत १५ टक्के गेले असं धरलं, तर एका कंटेनरला १,०७० च्या आसपास घड लागतात. गुलाबी फितीचे किती बांधले हे माहीत असेल तर तीन महिने आधी गिऱ्हाइकाशी बोलता येतं. माहीत नसेल तर ॲपवाला सांगेल तो भाव.

भांडणाचं औषधही हीच यादी. कटाईचा क्रम फितीच्या वयावरून लागावा आणि पुढच्या आठवड्याची यादी गुरुवारी कार्यालयाच्या भिंतीवर व सभासदांच्या फोनवर यावी. क्रम मोडायला दोनच कारणं मान्य करा : वाऱ्याने बाग पडली, किंवा करप्यामुळे घड झाडावरच पिकायला लागले. तो बदल सीईओने कारण लिहून करायचा. उत्पादक कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी नेमणं कायद्यानेच बंधनकारक आहे, संचालक ५ ते १५ आणि मत प्रत्येक सभासदाला एकच, मग शेअर कितीही असोत. संचालकांनी धोरण ठरवावं आणि ते बैठकीत ठरवावं. शेताच्या बांधावरून सीईओला फोन करणं हा बैठकीचा प्रकार नव्हे, आणि ज्या संचालकाची स्वतःची बाग यादीत आहे त्याने तर फोनच करू नये.

ॲपवाल्यांशी करार कराल त्यात चार गोष्टी कागदावर घ्या. बागांची माहिती तुमच्या मालकीची, आणि तिची प्रत दर आठवड्याला एक्सेलमध्ये तुम्हाला. वजन कोणाच्या काट्यावर. फळाची जाडी किती मिलिमीटरपासून चालेल आणि नाकारलेला माल कोणाच्या अंगावर. पैसे किती दिवसांत. शेवटचं फार महत्त्वाचं, कारण सभासद व्यापाऱ्याकडे पळतो तो भावापेक्षा रोखीसाठी. किमतीचा मोठा हिस्सा कटाईनंतर दोन दिवसांत द्यायचा आणि उरलेला 'रोखलेली किंमत' म्हणून हिशेबानंतर द्यायचा, अशी सोय उत्पादक कंपनीच्या कायद्यात आहे. तिचा उपयोग फार थोड्या कंपन्या करतात.

प्रश्न : नंदुरबारला मिरचीचा व्यापार, मिरची वाळवायच्या स्वतःच्या पथाऱ्या आहेत. दीड वर्षापूर्वी महागडं सॉफ्टवेअर घेतलं. मुनीम अजून वहीच लिहितो, आणि सॉफ्टवेअर रोज मालाची तूट दाखवतं. चूक कोणाची?
– एक व्यापारी, नंदुरबार

उत्तर : तुटीपुरती चूक मुनिमाची नाही. बाजारातली बरीच सॉफ्टवेअर घेणं आणि विकणं एवढंच जाणतात. तुम्ही ओली लाल मिरची घेता, पथारीवर वाळवता आणि सुकी विकता. वाळून साधारण पाव ते तिसरा हिस्सा वजन उरतं. सॉफ्टवेअरला १०० क्विंटल घेतल्याचं कळतं आणि ३० विकल्याचं, मधले ७० त्याच्या लेखी चोरीला गेले. ओली आणि सुकी हे दोन वेगळे माल दाखवा आणि मध्ये उत्पादनाची नोंद टाका, लॉटवार : कोणत्या पथारीवर किती ओली पसरली, किती दिवसांनी किती सुकी गोळा झाली, फटकी (रंग उडालेली, खराब मिरची) किती निघाली. क्विंटलमागे २५ ते ३३ किलोच्या बाहेरचा लॉट आला तरच चौकशी. पाऊस पडलेल्या आठवड्याला शेरा हवा, नाहीतर पुढच्या वर्षी तोच आकडा कोणाच्या तरी गळ्यात पडेल.

वहीचं प्रकरण वेगळं आहे. कोणता शेतकरी उचल घेऊन माल दुसरीकडे नेतो, कोणती पार्टी दिवाळीआधी पैसे सोडत नाही, हे मुनिमाला पाठ आहे. पेढीतली त्याची पत या माहितीवर उभी आहे. सॉफ्टवेअरमध्ये हे लिहायला जागा नाही, आणि असती तरी त्याने का लिहावं? त्याला डेटा एन्ट्रीला बसवू नका. शेतकरी आणि पार्ट्यांची मूळ यादी, उधारीच्या हद्दी, शेऱ्याचा रकाना, यांचा धनी त्याला करा. टायपिंग दुसरा करेल, पण यादीत बदल त्याच्या मंजुरीशिवाय होणार नाही.

मग सहा आठवडे दोन्ही चालवा. रोज संध्याकाळी तीनच आकडे जुळवायचे : रोकड, लॉटवार माल, शेतकऱ्यांचं देणं. सातव्या आठवड्याच्या सोमवारी वही बंद, ती तारीख आधीच जाहीर करा. तुमच्याकडे दीड वर्ष दोन्ही चालू आहे, म्हणूनच कोणी सॉफ्टवेअरवर विसंबत नाही : खरं काय ते वहीत असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. एक जोड : नोंदीत कोणी, कधी, काय बदललं याचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना सक्तीचं आहे. तुमची पेढी मालकीची असेल तर सक्ती नाही, पण ती सोय बंद करू नका.

प्रश्न : आम्ही पाच मित्र. तिघे धुळ्यात, एक पुण्यात, एक बंगळूरला. आडत्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. कोणी बॉस नाही असं ठरलं होतं. आता कामं अडकतात आणि कुरबुरी वाढल्या आहेत. बिनबॉसची कंपनी चालतच नाही का?
– पाचातला एक, धुळे

उत्तर : चालते, पण बॉस गेला की त्याची कामं जात नाहीत, ती कोणाच्या तरी नावावर लिहावी लागतात. कॅलिफोर्नियातली मॉर्निंग स्टार ही टोमॅटोवर प्रक्रिया करणारी कंपनी मॅनेजरांशिवाय चालते. तिथे प्रत्येक जण आपण काय करणार आणि ते कशावरून मोजायचं, याचा लेखी करार ज्यांच्याशी रोजचा संबंध येतो त्या सहकाऱ्यांशी करतो. नेदरलँड्समध्ये २००६ ला सुरू झालेली ब्युर्टझोर्ग ही परिचारिकांची संस्था जास्तीत जास्त बारा जणींच्या तुकड्यांवर चालते आणि तुकडी आपलं वेळापत्रक आपण ठरवते. उलट बूट विकणाऱ्या झॅपोसने २०१३ पासून अशी पद्धत आणली, २०१५ मध्ये न पटणाऱ्यांना पैसे घेऊन जायची मुभा दिली आणि सुमारे १८ टक्के लोक गेले. पदं काढली, नियम मात्र जाडजूड पुस्तकाएवढे आले.

तुम्ही आज एका कागदावर दहाबारा कामं लिहा : गिऱ्हाइकाचा फोन, भाव ठरवणं, नवं व्हर्जन सोडणं, सर्व्हरचं बिल, जीएसटी. प्रत्येकासमोर एकच नाव. दोन नावं म्हणजे शून्य नावं. निर्णयाचा प्रस्ताव लेखी टाकायचा, ४८ तासांत हरकत आली नाही तर मंजूर. पैसा, भागीदार आणि गिऱ्हाइकाचा डेटा या तीन विषयांना मात्र पाचही जणांचा होकार. आणखी एक बघा : मेल्विन कॉनवे या कॉम्प्युटरतज्ज्ञाने १९६८ मध्ये म्हटलं होतं की संघटनेची रचना तिच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरते. तुमच्या सॉफ्टवेअरचे तुकडे धुळे, पुणे, बंगळूर असेच पडले असतील, आणि बिघाड जोडांवरच येत असतील. बिल आणि वसुली एकमेकांत गुंतलेली आहेत, ती एकाच गावच्या माणसांकडे द्या.

एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) केली असेल तर करारनामा काढून वाचा. लेखी करार जिथे गप्प असतो तिथे २००८ च्या कायद्याची पहिली अनुसूची लागू होते : नफा सगळ्यांना सारखा, मत प्रत्येकाला एक. रात्री दोनपर्यंत जागणारा आणि महिन्यातून एकदा डोकावणारा दोघंही तिथे सारखेच. कुरबुर बहुधा इथलीच आहे.

प्रश्न : तिघे भाऊ, दोन डाळ मिल, एक पॅकिंग युनिट. चीनच्या हायर या घरगुती उपकरणांच्या कंपनीने स्वतःचे हजारो छोटे तुकडे केले असं वाचलं. आम्हीही तीन कंपन्या कराव्यात का?
– एक डाळ मिलवाले, जळगाव

उत्तर : हायरचे झांग रुइमिन यांनी २००५ पासून कंपनी छोट्या स्वतंत्र घटकांत मोडत नेली, हे बरोबर. पण तिथला घटक आपल्या गिऱ्हाइकाच्या पैशावर जगतो. तुमच्या तिघांचं गिऱ्हाईक बऱ्याच अंशी तुम्हीच आहात, त्यामुळे सगळा खेळ आपसातल्या भावावर येतो आणि भावाभावात भावावरून वाद हा जुनाच आजार आहे.

उदाहरण घ्या. खरेदी बघणारा भाऊ स्वस्त तूर आणतो, १३ टक्के ओलाव्याची. मिलचा हिशेब १० टक्क्यांवर बांधलेला. १०० किलोत कोरडा माल ८७ किलो, म्हणजे १० टक्के ओलाव्याला ती तूर ९६.७ किलोच भरते. ७,५०० रुपये क्विंटल धरले तर अडीचशे रुपये मिलवाल्या भावाच्या खिशातून गेले, आणि खरेदीवाला 'मी स्वस्तात आणली' म्हणून मिरवतो. म्हणून आधी भावाचं सूत्र : दर सोमवारी बाजार समितीचा दर, त्यातून ओलाव्याची वजावट, फटका डाळीचा उतारा (तुरीतून निघणारी डाळ) ठरलेल्या टक्क्यांपेक्षा जास्त-कमी आला तर फरक निम्मा-निम्मा, आणि चुनी (डाळीचा चुरा) आणि टरफलाचे पैसे मिलच्या खात्यावर. चुनी विसरली की हमखास बिनसतं.

कायद्याने वेगळ्या कंपन्या आत्ताच करू नका. तीन पॅन, तीन ऑडिट, एकमेकांना बिलं, बँकेची मर्यादा तीन ठिकाणी फुटलेली. बारा महिने कंपनी एकच ठेवून नफातोट्याची खाती तीन करा, महिन्याच्या पाच तारखेला तिघांनी एका टेबलावर तिन्ही खाती बघायची. सूत्र वर्षात चार वेळा बदलावं लागलं तर वेगळ्या कंपन्या करून काही साधणार नाही.

प्रश्न : भुसावळला माझे १८ ट्रक आहेत. ड्रायव्हरांना पगाराऐवजी 'पार्टनर' करायचं म्हणतो, ॲपवाले करतात तसं. योग्य होईल?
– एक वाहतूकदार, भुसावळ

उत्तर : भाडं कोण ठरवतं, कुठली फेरी घ्यायची हे कोण ठरवतं, आणि गाडीचा हप्ता कोणाच्या नावावर? पहिली दोन उत्तरं 'मी' आणि तिसरं 'तो' असेल तर ती भागीदारी नव्हे, नुसती जोखीम ढकलणं झालं, आणि वाद झाला तर तुम्ही कोणता शब्द वापरला हे कोणी विचारणार नाही. पगार ठेवा. फेरीगणिक डिझेल, टोल, थांबलेले तास आणि लिटरमागचे किलोमीटर यांचा कागद करा, प्रत्येक गाडीची मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढा, आणि तिच्यावर वाचलेल्या डिझेलचा ठरलेला हिस्सा ड्रायव्हरला द्या. भरलेली आणि रिकामी फेरी वेगळी मोजा, घाटाचा रस्ता वेगळा. फास्टॅग आणि जीपीएसचा जो अहवाल तुमच्या फोनवर येतो तोच त्याच दिवशी त्याच्याही फोनवर गेला पाहिजे, नाहीतर महिन्याअखेर तो हिशेब मानणार नाही.